साहेबांच्या मागे

वत्सलाबाई कुठलाही फोटो बघायला घेत तेव्हा आधी त्याच्या मधोमध आपला डावा तळहात ठेवत. खुर्चीत बसलेले पाहुणे, गळ्यात हार घातलेले पुढारी, काठी टेकून उभे राहिलेले तहसीलदार, सगळे त्या हाताखाली झाकले जात. मग उजव्या हातात भिंग घेऊन त्या फोटोच्या कडेकडेने फिरू लागत. कनातीचा दोर धरून उभं असलेलं कुणी, चौकटीत अर्धाच आलेला टांगेवाला, दाराआडून डोकावणारी बाई. एक कड संपली की दुसरी. सगळ्यात शेवटी हात उचलत, मधल्या माणसाकडे ओझरतं बघत आणि फोटो बाजूला ठेवत.

मी नांदेडच्या आमच्या ग्रंथालयात नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला एक फाइल घेऊन त्यांच्याकडे पाठवलं होतं. वाचनकक्षाच्या मागे एक लांबट खोली होती. बाहेर 'चित्रसंग्रह' अशी पाटी, पण सगळे तिला चित्रखोली म्हणत. खिडक्यांच्या काचांना आतून काळा कागद चिकटवलेला, कपाटांतून डांबरगोळ्यांचा वास. बाई टेबलावर वाकलेल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी दार लाव. ऊन आत येऊन राहिलं."

मी दार लावलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि भिंग हातात दिलं. निजामाच्या काळातल्या एका कचेरीचा फोटो होता. शेरवान्या आणि तुर्की टोप्या घातलेली माणसं दोन रांगांत बसलेली. मी साहजिकच मधल्या, छातीवर पदकं लावलेल्या गृहस्थांकडे बघितलं. बाईंचा हात लगेच त्यांच्यावर येऊन बसला.

"मधला माणूस सापडतोच गं. त्याचं नाव पाटीवर असतं, पत्रिकेत असतं, मेल्यावर रस्त्याला असतं. हरवतो तो कडेचा. कडेपासून बघायला शिक."

मी भिंतभर फोटो असलेल्या घरात वाढले. आजोबा, पणजोबा, त्यांचे बंधू असे सगळे आमच्या ओसरीवर टांगलेले असत, आणि दिवाळीच्या आधी त्यांच्या काचा पुसण्याचं काम माझ्याकडे असे. फोटो नसणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. ते मला त्या खोलीत हळूहळू समजत गेलं.

बाई तेव्हा तिशीच्या आतच असतील, पण मला त्या फार मोठ्या वाटत. सावळ्या, काटक, नेहमी बारीक काठाचं सुती पातळ. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. डबा त्या एकट्याच खात, खिडकीच्या काळ्या कागदाकडे तोंड करून. आम्ही चौघी-पाचजणी वाचनकक्षात एकत्र बसायचो, त्यांना बोलवायचो. "तुमचं चालू द्या," एवढंच म्हणायच्या. त्यात राग नव्हता. त्यांना एकटं राहण्याची सवय झाली होती, आणि त्या सवयीला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

कामाच्या बाबतीत त्यांचे काही नियम होते. संग्रहातल्या प्रत्येक फोटोला एक कार्ड असे. फोटो कुठला, कशाचा, त्यात कोण आहे, हे त्या कार्डावर लिहायचं. आमच्या आधीच्या लोकांनी सरसकट लिहून ठेवलं होतं: 'अमुकतमुक साहेब व इतर'. बाईंना त्या 'इतर' शब्दाचा मनापासून तिटकारा होता. ओळख पटली नाही तर त्या प्रत्येकापुढे स्वतंत्रपणे 'नाव कळले नाही' असं लिहीत. वीस माणसं असली तर वीस वेळा. आमचे ग्रंथपाल एकदा वैतागून म्हणाले, "अहो वत्सलाबाई, कार्डावर जागा पुरत नाही तुमच्या ह्या नाव-कळले-नाहीला. 'इतर' लिहून मोकळ्या व्हा की!"

"इतर नावाचं गाव मला दाखवा साहेब, मी तिथं बदली मागते. तोवर दुसरं कार्ड जोडू."

ग्रंथपाल भले होते. हसले आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पाठवून दिला.

फोटो देणारी माणसं अधूनमधून येत. कुणी पेटीच्या तळाशी सापडलेले आणी, कुणी घर रंगवताना भिंतीवरून उतरवलेले. इतवाऱ्यातले करीमभाई शिंपी एकदा रुमालात गुंडाळून एक मोठा फोटो घेऊन आले. त्यांच्या घरच्या लग्नातला होता तो. मांडवाखाली तीसेक माणसं, आणि त्यातल्या तीन माणसांना चेहरेच नव्हते. तिथे कात्रीने कापलेली गोल भोकं होती. आमच्याकडे तेव्हा हे सर्रास चाले. घरात कुणी वारलं आणि त्याचा वेगळा फोटो नसला की लोक असल्या एखाद्या समूहातून त्याचं डोकं कापून स्टुडिओत नेत. स्टुडिओवाला ते मोठं करी, खाली रंगाने कोट किंवा शालू काढी, आणि माणूस चौकटीत बसून भिंतीवर जाई.

"हे अब्बा," करीमभाई पहिल्या भोकावर बोट ठेवून म्हणाले. "ह्यांचं तोंड थोरल्या भावानं कापून हैदराबादला नेलं. ही फूफी, अब्बांची बहीण. आन् हे आमचे मोठे चाचा. वाटणीत फोटोची पण वाटणी झाली बाई. माझ्या वाट्याला भोकं आली. फेकायला दिल व्हत नाही. तुमच्या काही कामाचा असंल तर ठेवा, नाही तर तुम्हीच फेका, माझ्या हातानं नको."

मला तो फोटो निरुपयोगी वाटला होता. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. करीमभाईंना स्टूल दिलं, आणि भोकांसकट प्रत्येकाचं नाव विचारून लिहून घेतलं. ते गेल्यावर मी म्हटलं, "बाई, ह्यात बघायचं काय?"

"माणूस भिंतीवर गेला, पण त्याची बसायची जागा इथंच राहिली ना? अब्बांच्या खांद्यावर बघ कुणाचा हात आहे. तो हात अजून आहे." मग बटर पेपरमध्ये फोटो गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "ज्यांच्याकडे कापायला तरी फोटो होता, ती नशिबाची माणसं, सुमन."

त्या दिवशी त्यांनी मला आपल्या आईबद्दल पहिल्यांदा सांगितलं.

बाईंचं गाव लातूरकडच्या मुरुडच्या जवळ. वडील त्या लहान असतानाच गेले. आईने, धोंडाबाईंनी, मजुरी करून त्यांना शिकवलं. बहात्तरच्या दुष्काळात बाई नांदेडच्या कॉलेजात होत्या, मुलींच्या वसतिगृहात राहत. तिकडे आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. त्या वर्षात आई एकदाच नांदेडला आली. पदरात कामावर मिळालेली सुकडी बांधून आणली होती. वसतिगृहाच्या पायरीवर बसून दोघींनी ती खाल्ली. तेव्हा आई मोठ्या कौतुकाने सांगत होती की कामावर मोठे साहेब आले होते, त्यांच्याबरोबर जीपमधून फोटोवाला आला होता आणि त्याने सगळ्यांचा फोटो काढला. "तुला दावायला एक मागितला, तर मनला, सरकारचा हाय, मिळत न्हाई. पर मी हाय त्यात. चांगली म्होरं हुबी ऱ्हायले." पुढच्या उन्हाळ्यात कावीळ होऊन आई गेली. निरोप पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"तिचा दुसरा फोटो नाही," बाई म्हणाल्या. "आधी वाटायचं, कशाला हवा? डोळे मिटले की दिसायची. आता आवाज आठवतो, हात आठवतात. चेहरा येता येता निसटतो. मागच्या वर्षी दिसायचा त्याहून ह्या वर्षी कमी दिसतो. मला तो फोटो सापडायला पाहिजे, बाकी काही नको."

आणि तो फोटो आमच्याच खोलीत असण्याचा संभव होता. दुष्काळात साहेब लोकांच्या जीपमधून मराठवाडाभर हिंडून कामांचे फोटो काढणारा माणूस नांदेडचाच एक स्टुडिओवाला होता. तो वारल्यावर मुलांनी दुकान विकलं आणि सगळ्या निगेटिव्ह खोक्यांत भरून ग्रंथालयाला देऊन टाकल्या. त्या आल्या तेव्हा बाई देवघेव विभागात होत्या. त्यांनी मागून चित्रखोली घेतली. लोकांना नवल वाटलं होतं, कारण त्या खोलीला सगळे शिक्षाच समजत.

खोक्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. निगेटिव्ह उजेडाकडे धरून बघावी लागे. पांढरी लुगडी काळी दिसत, आभाळ काळं, उन्हाने रापलेले चेहरे राखेसारखे पांढुरके. त्यातून माणूस ओळखणं अशक्य. कागदावर छापून घ्यायला पैसा कमी, त्यामुळे वर्षाकाठी थोड्याच निगेटिव्ह छापून येत. त्या आल्या की बाई दार लावून घेत. मधल्या साहेबावर तळहात आणि कडेने भिंग. खडीचे ढीग, घमेली, पाण्याचा टँकर, झाडाला बांधलेली झोळी, आणि बायकाच बायका. "घाई कशाची," मी विचारलं की म्हणायच्या. "ह्या कुठं पळून चालल्या?" पण संध्याकाळी त्यांचे डोळे लाल झालेले असत.

मग लातूर जिल्हा झाला.

नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, आणि जुन्या सामानाची विभागणी. आमच्याकडेही ठरलं की लातूरकडच्या तालुक्यांचे फोटो वेगळे काढून तिथल्या नव्या ग्रंथालयाला द्यायचे. वेगळे काढायचे तर आधी दिसायला हवेत, म्हणून उरलेल्या सगळ्या निगेटिव्ह एकदम छापून घ्यायला मंजुरी मिळाली. इतकी वर्षं थेंबथेंब येणारे फोटो त्या उन्हाळ्यात गठ्ठ्यांनी येऊ लागले. मी बाईंच्या मदतीला होते. गावं ओळखू येत नव्हती. दुष्काळात सगळी गावं सारखीच दिसतात. दगड, धूळ, वाकलेल्या पाठी.

एका दुपारी बाईंचं भिंग थांबलं. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात मैलाचा दगड होता आणि त्यावर मुरुडचं नाव. मधोमध काळा चष्मा लावलेले, बुशशर्टातले साहेब, कमरेवर हात. दोन्ही बाजूंना आणि मागे बायका. सगळ्यांनी पदर हनुवटीपर्यंत ओढलेले. परका साहेब आणि परका फोटोवाला समोर, म्हणून जिने तिने तोंड झाकून घेतलेलं. पुढच्या रांगेत डाव्या कडेला एक उंच बाई, कमरेवर घमेलं टेकवून.

"ही," बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक आला की मी वळून बघितलं. "अशीच एका पायावर भार देऊन उभी राहायची. म्होरं उभी राहिले म्हणाली होती. ही म्होरंच आहे. चेहरा नसू दे. ही तीच आहे."

मग त्यांनी फोटो उचलला नाही की हलवला नाही. बराच वेळ नुसत्या त्यावर वाकून बसल्या. शेवटी म्हणाल्या, "गावात हौसामावशी आहे. आईच्या जोडीनं खडी फोडायची. तिला दाखवून आणते. तू चल माझ्याबरोबर. मला एकटीला जाववत नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी मला काही मागितलं, ते एवढंच.

आम्ही एसटीने लातूरला गेलो. गावाच्या तोंडाशी कमानी होत्या, त्यांचा चुना अजून हाताला लागेल इतका ताजा. कंडक्टर दार उघडून ओरडला, "चला, नवा जिल्हा, नवा जिल्हा! उतरा जुन्या माणसांनो!" सगळी बस हसली. बाईही हसल्या. त्या दिवशी त्या आनंदात होत्या. मुरुडच्या गाडीत खिडकीशी बसून मला झाडं दाखवत होत्या. पिशवीतला फोटो मांडीवर उभा धरला होता, वाकू नये म्हणून.

हौसाबाई दारात बसून सुपात तूर निवडत होत्या. सुरकुतलेल्या, पण आवाज खणखणीत. "वच्छे! आता गं कवा आलीस? पत्र न्हाई, निरोप न्हाई! आन् ही कोन बाय?" बघता बघता शेजारच्या पाच-सहा बायका जमल्या. फोटो सुपात ठेवला आणि सगळ्या त्यावर वाकल्या.

"अगं माय, ह्यात वळखावं कुनाला? समद्या झाकल्याव!"

"ही मी. ही बघ माजी बांगडी."

"तुज्या हातात कवा गं एवढ्या बांगड्या व्हत्या?"

"फोटू काढनार मनून जावंच्या घातल्या व्हत्या! तिनं सांजला काढून घेतल्या."

हशा उसळला. एकीने हातावरच्या गोंदणावरून आपली बहीण ओळखली. एकीने फुटक्या कानाच्या घमेल्यावरून स्वतःला. साहेब कोण होते ते मात्र एकीलाही आठवत नव्हतं. बाईंनी मग डाव्या कडेच्या त्या उंच बाईवर बोट ठेवलं आणि हौसाबाईंकडे बघितलं.

हौसाबाईंनी फोटो लांब धरला, जवळ घेतला. मग फोटो सोडून बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "ही तुजी माय. धोंडाच ही."

बाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात मागून पारूबाई नावाची एक ठेंगणी बाई पुढे घुसली. "अगं ये हौसे, डोळं गेलं का तुजं? ती तूच की! त्ये ठिगळाचं लुगडं न्हाई का तुजं? सुकडीच्या पोत्याचं ठिगळ लावलंतं आन् समद्या तुला हासत व्हतो!"

"गप गं पारे! तुला कुनी इचारलं?"

"आता खरं ते खरं—"

"गप मनते ना!"

पारूबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, खरं सांगा. ती आहे का ह्यात?"

हौसाबाईंनी सुपातल्या तुरीवर हात फिरवला. मग सांगू लागल्या. "हाय. हाय तर. समद्यात म्होरं तीच हुबी व्हती, मधीच. आमी समद्यांनी पदर वढले. तिला मनलं, धोंडे, तोंड झाक, सायेब हाय. तर मनली, न्हाई झाकत. माजी पोरगी कालेजात हाय, ती फोटू बगंल, तिला माय दिसाया नको का? आन् पदर पार माघं सारून हुबी ऱ्हायली. नवरीवानी. फोटूवाला एक-दोन म्हनाय लागला, आन् आयत्या येळंला ह्यो सायेब चालत म्होरं आला आन् तिच्या म्होरंच हुबा ऱ्हायला. तिला कळलंच न्हाई फोटूत काय आलं त्ये. आमाला तरी कुटं कळलं?"

बाईंनी फोटो हातात घेतला. साहेबांचा कमरेवर ठेवलेला हात होता ना, त्या कोपराच्या आणि अंगाच्या मधल्या फटीत लुगड्याचा एक काठ दिसत होता. खांद्यावरून मागे टाकलेल्या पदराचा. बाकी काही नाही.

"मी त्याच्यावरच हात ठेवत होते," बाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून नव्हे.

हौसाबाई सरकून त्यांच्याजवळ आल्या. "हे बग वच्छे. मला काय करायचाय फोटू? तोंड तर झाकल्यालंच हाय, हौसा काय आन् धोंडा काय. ही तुजी माय मन. मोटी करून भितीला लाव, हार घाल. मी न्हाई मनत न्हाई, ही पारी बी मननार न्हाई."

"जित्या माणसाला हार घालतात का मावशी?"

"घाल गं! हार घातला मनून मी काय मरते व्हय? दुष्काळात मेले न्हाई ती!"

बाई हसल्या. आणि मान हलवली. "नाही मावशी. तुमचा फोटो आहे तो. तुमचंच नाव लिहिणार मी."

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. लातूर मागे पडल्यावर एकदाच म्हणाल्या, "तिनं पदर मागे घेतला होता, सुमन." मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या फोटोचं कार्ड लिहिलं. डावीकडून उजवीकडे, गावात मिळालेली सगळी नावं. साहेबांपुढे 'नाव कळले नाही'. आणि त्याखाली: 'त्यांच्या मागे: धोंडाबाई. चेहरा उघडा. फोटोत दिसत नाहीत.' ग्रंथपालांनी ते कार्ड दोनदा वाचलं. "वत्सलाबाई, जे फोटोत दिसत नाही ते कार्डावर कसं लिहायचं? उद्या कुणी विचारलं तर?" बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले, चष्मा काढून पुसला आणि कार्डावर सही केली.

फोटो लातूरला गेले. त्यांच्याबरोबर बाईही गेल्या, बदली मागून. खोकी ट्रकमध्ये चढत होती तेव्हा मी चित्रखोलीच्या दारात उभी होते. मला काहीतरी बोलायचं होतं, आणि त्यांनाही असावं. त्या म्हणाल्या, "खिडकीचा कागद फाटलाय एका ठिकाणी. लावून घे." नंतर ती खोली माझ्याकडे आली. मी डबा तिथेच खाऊ लागले. का, ते सांगता येत नाही. वाचनकक्षात बसलं की दुसरीकडे कुणीतरी एकटं जेवत असल्यासारखं वाटे.

लातूरहून बाई दर महिन्याला गावी जात. हौसाबाईंपुढे बसत आणि विचारत, आई कशी दिसायची? मी एकदा त्यांच्याकडे राहायला गेले असताना त्यांनी हे मला सांगितलं. आवाजात तोच कोरडेपणा, कार्ड लिहितानाचा. "कधी सांगते नाक सरळ होतं. कधी सांगते बसकं होतं. मागच्या खेपेला म्हणाली, गालावर तीळ. आधी कधी तीळ नव्हता."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"काही नाही. ऐकते. तिला पाहिलेलं एकच माणूस उरलंय नीट सांगणारं. त्याला दुरुस्त करत बसले तर तेही बोलायचं थांबेल." मग म्हणाल्या, "आणि मला तरी कुठं ठाऊक आहे, तीळ नव्हता म्हणून?"

माझ्यापुढे त्या उजाड भाड्याच्या खोलीत एवढी काटेकोर बाई बसलेली होती, जिने आयुष्यभर 'अंदाजे' हा शब्द कार्डावर लिहू दिला नव्हता. आणि ती दर महिन्याला जाऊन आईचा एक नवा चेहरा घेऊन येत होती. एकावर एक ठेवत होती. त्यातून एक तयार होईल, असं तिला वाटत होतं की नाही, मी विचारलं नाही.

त्यांचं मूत्रपिंडाचं दुखणं मला फार उशिरा कळलं. त्या कळवणाऱ्यातल्या नव्हत्या. मी लातूरला पोहोचले तेव्हा त्या जाऊन आठवडा झाला होता, पुण्यानुमोदनाचा दिवस होता. बुद्धवंदना झाली, ग्रंथालयातले दोघे-तिघे थोडं थोडं बोलले, एक चुलत भाऊ आला होता. हौसाबाई दिसल्या नाहीत. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला आता प्रवास झेपत नाही. नांदेडची गाडी धरायची ती मी मुरुडची धरली.

हौसाबाई दारातच होत्या. सूप नव्हतं, नुसत्या बसलेल्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाल्या, "वच्छीची बाय तू. ये. बस माय." मी आत गेले आणि थांबले. समोरच्या भिंतीवर, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली, तो फोटो होता. बाईंनी त्यांना एक प्रत दिली होती, ती चौकट करून लावलेली. तिच्यावर कागदी फुलांचा हार होता, धुरकटलेला, बऱ्याच दिवसांचा.

"मावशी, हा हार?"

"सायेबाचा न्हाई. माजा बी न्हाई, मी हाय अजून." त्या भिंतीला धरून उठल्या आणि काचेवर बोट टेकवलं. "ह्येच्या माघं हाय, तिचा."

"बाईंनी बघितला होता?"

"बगितला की. काय मनली न्हाई. दर खेपंला आली की हार सरळ करायची तेवढा."

त्यांनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. बाहेर पोरं खेळत होती. मी चहा प्यायले, पिशवी उचलली. शेवटची गाडी साडेपाचला होती. हौसाबाई माझ्याकडे न बघता, चुलीतली राख काडीने सारत म्हणाल्या, "दर म्हैन्याला यायची. आता इचारायला कुनी येत न्हाई. कुनी इचारलं न्हाई की मला बी आठवंना झालंय."

मग मान वर करून म्हणाल्या, "तू इचार की."

मी पिशवी खाली ठेवली, त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं.